शिवाजी गणेशन 'ओव्हर' करतात का?

प्रश्न असा आहे: 'तमिळ नट शिवाजी गणेशन मूळचे मराठी होते का? नसतील तर हे नाव त्यांना कसं मिळालं? आणि त्यांचे गाजलेले प्रसंग आज पाहिले तर नुसता आरडाओरडा आणि डोळे वटारणं वाटतं. मग तमिळ माणूस त्यांचं नाव निघालं की हात का जोडतो?'

बरीच वर्षं मी नाट्यशिबिरांतून वाचिक अभिनय शिकवतोय, आणि मधल्या काळात दाक्षिणात्य चित्रपटांच्या डबिंगचं कामही केलंय. तमिळ मला कानाने कळतं, लिहिता येत नाही. हा तिसरा प्रश्न माझ्या वर्गातली मुलंही विचारतात, थोड्या उद्धट शब्दांत. 'सर, हे किती ओव्हर करतात!' त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सोपं. शिवाजी गणेशन मराठी नव्हते. गल्लत बहुधा रजनीकांतमुळे होते. शिवाजीराव गायकवाड हे रजनीकांतचं मूळ नाव, जन्म बेंगळुरूचा, घर मराठी. शिवाजी गणेशन म्हणजे विळुप्पुरम चिन्नय्या गणेशन, अस्सल तमिळ घरातले. जन्म 1 ऑक्टोबर 1928. वडील रेल्वेत नोकरीला, वाढ तिरुचिरापल्लीत. शाळा फारशी झालीच नाही, कारण पोरवयातच हे मूल नाटक कंपनीत दाखल झालं.

ही नाटक कंपनी म्हणजे काय, ते मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. तमिळनाडूत शंकरदास स्वामिगळ यांच्यापासून मुलांच्या कंपन्यांची परंपरा होती. दहा-बारा वर्षांची पोरं कंपनीच्या बिऱ्हाडातच राहायची, तिथेच जेवायची, तालमी करायची, मार खायची आणि गावोगाव फिरायची. स्त्रीपात्रंही हीच पोरं करत. गणेशनच्या वाट्याला सुरुवातीला रामायणातली सीता आली. नाच, गाणं, तलवारबाजी, पाठांतर, आणि मायक्रोफोन नसताना शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवणं, हे सगळं आवाज फुटायच्या आधीच अंगात मुरलेलं. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पिढीने ज्या शिस्तीत आयुष्य काढलं तीच ही शिस्त. फरक एवढाच की गणेशन त्या परंपरेच्या शेवटच्या फळीतले होते आणि लगेच पुढे सिनेमा उभा होता.

आता नाव. 1946 च्या सुमारास द्रविड चळवळीतले नेते आणि लेखक सी. एन. अण्णादुरै यांनी एक नाटक लिहिलं, 'शिवाजी कंड हिंदू राज्यम', म्हणजे 'शिवाजीने पाहिलेलं हिंदू राज्य'. विषय होता शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक. मनगटाच्या जोरावर राज्य मिळवलेल्या राजाला शूद्र म्हणून अभिषेक नाकारणारे लोक, मग काशीहून आलेले गागाभट्ट आणि त्यांना द्यावी लागलेली दक्षिणा, हा त्याचा गाभा. जोतीराव फुल्यांनी 1869 च्या पवाड्यात महाराजांना शूद्रातिशूद्रांचा राजा म्हणून उभं केलं होतं. त्याच बाजूने मद्रासच्या द्रविड चळवळीने महाराजांकडे पाहिलं. आपल्याकडच्या ऐतिहासिक नाटकांतला अफझलखान, शाहिस्तेखान वगैरे मसाला त्यांना नको होता, त्यांना हवा होता रायगडावरचा तो एक पेच. गागाभट्टाची भूमिका स्वतः अण्णादुरैंनी केली. महाराजांच्या भूमिकेसाठी आधी एम. जी. रामचंद्रन (म्हणजे एम. जी. आर., पुढे पडद्यावर शिवाजींचे प्रतिस्पर्धी आणि तमिळनाडूचे मुख्यमंत्री) यांचा विचार झाला होता, ते जमलं नाही, आणि अठरा वर्षांच्या गणेशनच्या हातात संहितेची चळत पडली. काही तासांत पाठ करून त्याने ती म्हणून दाखवली, अशी हकिकत सांगतात. कंपनीत वाढलेल्या पोराला ते जड नसणार. प्रयोग पाहून पेरियार खूश झाले आणि म्हणाले, आजपासून हा शिवाजी. ते नाव कायमचं चिकटलं. नास्तिक, ब्राह्मणेतर चळवळीच्या सर्वोच्च नेत्याने एका तमिळ पोराला छत्रपतींचं नाव दिलं, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असते. माहीत झाली की पुष्कळांची पंचाईत होते, पण तो वेगळा विषय.

पुढे 1952 च्या दिवाळीत 'पराशक्ती' आला. दिग्दर्शक कृष्णन-पंजू, संवाद मु. करुणानिधी यांचे. निर्माते पेरुमाळ यांनी गणेशनचा हट्ट धरला होता. ज्यांच्या स्टुडिओत काम चालू होतं ते ए. व्ही. मेय्यप्पन मात्र अजिबात राजी नव्हते. पोरगा हडकुळा आहे, चालणार नाही, दुसरा नट घ्या, हे त्यांचं शूटिंग सुरू झाल्यावरही चालू होतं. पेरुमाळ हटले नाहीत. गणेशनने कॅमेऱ्यासमोर उच्चारलेला पहिला शब्द होता 'सक्सेस'. त्या जागेवर एव्हीएम स्टुडिओने पुढे स्मारक उभारलं. नको नको म्हणत होते त्यांच्याच अंगणात!

चित्रपटाच्या शेवटी कोर्टाचा प्रसंग आहे. रंगूनहून परतलेला गुणशेखरन आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. त्याची विधवा बहीण उपासमारीने पिचून आपलं मूल नदीत फेकायला निघालेली, तिच्यावर हात टाकणाऱ्या पुजाऱ्यावर याने हल्ला केलेला. तो स्वतःचा बचाव स्वतः करतो. देऊळ नको म्हणून मी गोंधळ घातला नाही, देऊळ नीच लोकांचा अड्डा होऊ नये म्हणून घातला, अशा धाटणीची वाक्यं एकामागून एक येतात. द्रमुक, म्हणजे अण्णादुरै-करुणानिधींचा पक्ष, तेव्हा तीन वर्षांचा होता. पुढच्या पंधरा वर्षांत तो सत्तेवर आला, आणि त्या प्रवासात या भाषणाचा वाटा किती, यावर तमिळनाडूत आजही वाद घालणारे भेटतात. नट व्हायला मद्रासला आलेला प्रत्येक पोरगा पुढची कित्येक वर्षं ऑडिशनला हाच उतारा म्हणत असे.

आता 'आरडाओरडा' या आरोपाकडे येतो. यासाठी मी वर्गात 'पराशक्ती' वापरत नाही, 'वीरपांडिय कट्टबोम्मन' वापरतो. 1959 सालचा, बी. आर. पंतुलूंचा चित्रपट. पांचालंकुरिचीचा पाळेगार, म्हणजे स्थानिक सरदार, कट्टबोम्मन, ज्याला इंग्रजांनी 1799 मध्ये कयत्तार इथे फाशी दिलं. शिवाजींच्या स्वतःच्या नाटक मंडळीने हे नाटक आधी गावोगाव केलेलं होतं, म्हणजे सिनेमात येईपर्यंत प्रत्येक वाक्य हजारो लोकांसमोर घासूनपुसून झालेलं. कलेक्टर जॅक्सन त्याला थकलेल्या कराबद्दल जाब विचारतो तो प्रसंग पाहा. म्हणजे आधी न पाहता फक्त ऐका.

कट्टबोम्मन सुरुवात खालच्या पट्टीत करतो. आभाळातून पाऊस पडतो, जमीन पीक देते, तुला कर कशाबद्दल द्यायचा? इथे आवाज जवळजवळ गप्पा मारल्यासारखा आहे. मग एकामागून एक प्रश्न: आमच्याबरोबर शेतात आलास का? रोपं लावलीस का? पाणी पाजलंस? आमच्या बायकांना हळद वाटून दिलीस? प्रत्येक प्रश्न साधारण एकाच मापाचा. पण प्रत्येक प्रश्नाला स्वर अर्ध्या पायरीने वर चढतो आणि दोन प्रश्नांमधली फट कमी होत जाते. श्वास कुठे घेतला ते कळत नाही. माझ्या मुलांना मी श्वासाच्या खुणा करायला लावतो आणि बहुतेकांच्या खुणा चुकतात, कारण हा माणूस वाक्य संपल्यावर श्वास घेतच नाही. वाक्याच्या मध्ये, एखाद्या जोडाक्षराच्या आडोशाने तो चोरून घेतो, आणि वाक्य संपतं तिथे हवा शिल्लक असते. त्यामुळेच शेवटचा शब्द कधी पडत नाही. आपल्या बहुसंख्य नटांचा शेवटचा शब्द पडतो, हे मी कंठशोष करून सांगत आलोय. आणि हे सगळं चढत चढत जाऊन टिपेला पोचल्यावर शेवटची शिवी तो ओरडून देत नाही, दात आवळून देतो. जॅक्सनचा पाणउतारा तिथे होतो.

ही गोष्ट गाण्यातल्या चढत्या ताना ऐकणाऱ्या कानाला लगेच कळते. डोळ्यांनी पाहणाऱ्याला नुसत्या भुवया दिसतात.

त्या काळातला प्रेक्षक कुठे बसत होता, हेही ध्यानात घ्या. शहरातली चार थिएटरं सोडली तर तमिळ सिनेमा टुरिंग टॉकीजच्या तंबूत चालत असे. वाळूवर बसलेली माणसं, रडणारी पोरं, शेंगदाणे विकणारे आणि खरखरणारा कर्णा. त्या गदारोळात शब्द न् शब्द पोचवायचा होता. शिवाय पुष्कळ प्रेक्षकांना वाचता येत नव्हतं. चांगली, छापील, समासांनी भरलेली तमिळ भाषा त्यांना पहिल्यांदा ऐकायला मिळाली ती या माणसाच्या तोंडून. आजही तमिळ उच्चार कसे असावेत याचा दाखला द्यायचा झाला की तिथले शिक्षक त्याच्याकडे बोट दाखवतात. 'ळ'च्या जवळचा जो खास तमिळ ध्वनी आहे, जो पुष्कळ तमिळ लोकांनाही नीट जमत नाही, तो त्याच्या तोंडी नेहमी जागच्या जागी असतो.

'कट्टबोम्मन'साठी 1960 मध्ये कैरोच्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट नटाचा पुरस्कार मिळाला. इजिप्तचे अध्यक्ष नासर पुढे भारतात आले तेव्हा मद्रासमध्ये शिवाजींनी त्यांचा सत्कार घडवला. 1962 मध्ये अमेरिकी सरकारच्या निमंत्रणावरून ते तिकडे गेले, तेव्हा नायगारा शहराने त्यांना एक दिवसाचा मानद महापौर केलं. घरी, म्हणजे भारतात, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना कधीही मिळाला नाही. एम. जी. आर. यांना मिळाला, 'रिक्षाकारन'साठी. यावर मी अधिक काही लिहीत नाही, ज्याने दोघांचे चित्रपट पाहिलेत तो मनातल्या मनात हसेलच.

बरं, एवढं सांगूनही कुणी म्हणेल की त्यांना फक्त मोठंच बोलता येत होतं. तर 'अंद नाळ' पाहा. 1954, दिग्दर्शक एस. बालचंदर. 'पराशक्ती'नंतर दोनच वर्षांनी आलेला. एकही गाणं नाही, जी त्या काळी वेडेपणाची परिसीमा होती. शिवाजी त्यात रेडिओ इंजिनिअर आहेत, देशद्रोही आहेत, आणि चित्रपट त्यांच्या खुनापासूनच सुरू होतो. वेगवेगळे लोक त्याची वेगवेगळी गोष्ट सांगतात. इथला शिवाजी हळू बोलतो, चिडका आहे, खांदे किंचित पुढे झुकलेले. चित्रपट चालला नाही. तेव्हा कमी बोलणं, आवरून करणं त्याला सव्विसाव्या वर्षी येत होतं, गिऱ्हाईक नव्हतं. नटाच्या कारकिर्दीचा विचार करताना हा मुद्दा आपण सारखा विसरतो.

साठचं दशक हे त्यांचं खरं शिखर. ए. भीमसिंग यांच्याबरोबर 'प' किंवा 'भ'ने सुरू होणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांची रांगच लागली. मराठी प्रेक्षकाने यातले अर्धे नकळत पाहिलेले आहेत, कारण हिंदीने ते उचलले. 'पासमलर'चा 'राखी' झाला, 'भाग पिरिविनै'चा 'खानदान'. पहिल्यासाठी अशोक कुमार आणि दुसऱ्यासाठी सुनील दत्त यांनी फिल्मफेअर नेला. 'नवरात्री' हा शिवाजींचा शंभरावा चित्रपट, 1964, एकाच नटाच्या नऊ भूमिका, नऊ रस. त्याचा हिंदी अवतार 'नया दिन नयी रात', संजीव कुमारचा. आपल्याला संजीव कुमार भारी वाटतो, आणि आहेच. पण 'नवरात्री'त मध्येच तेरुकूत्तूचा, म्हणजे तिकडच्या रस्त्यावरच्या लोकनाट्याचा जो तुकडा आहे, त्यात शिवाजी आणि सावित्री ज्या जोशात नाचतात-गातात, त्याला हिंदीत तोड नाही. तो तुकडा बोलपटाच्या नटाचा नाही, कंपनीतल्या पोराचा आहे.

त्याच काळात पौराणिक चित्रपटही आले. 'तिरुविळैयाडल'मध्ये ते शंकर झाले. त्यात धरुमी नावाच्या दरिद्री कवीच्या भूमिकेत नागेश आहे आणि एका प्रसंगात तो शिवाजींना अक्षरशः खाऊन टाकतो. शिवाजींनी तो प्रसंग पाहिला आणि एक फूटही कापू नका म्हणून सांगितलं, असं त्या क्षेत्रातले लोक सांगत आलेत. 'कर्णन'मध्ये ते कर्ण आणि एन. टी. रामाराव कृष्ण. हा 1964 चा चित्रपट 2012 मध्ये डागडुजी करून पुन्हा लावला तेव्हा चेन्नईत शंभर दिवसांच्या वर चालला. 'तिरुवरुट्चेल्वर'मध्ये शैव संत अप्पर यांची भूमिका करताना त्यांनी कांचीच्या परमाचार्यांचं, म्हणजे तिथल्या शंकराचार्यांचं, बसणं, हात हलवणं, नजर यांचा अभ्यास केला होता. पेरियारांनी नाव दिलेला माणूस शंकराचार्यांवरून संत उभा करतो! तमिळ आयुष्यात अशा गाठी पदोपदी सापडतात. 'कप्पलोट्टिय तमिळन'मध्ये त्यांनी व. उ. चिदंबरम पिळ्ळै साकारले. ते टिळकांचे अनुयायी आणि स्वदेशी जहाज कंपनी काढणारे, म्हणून तो चित्रपट मराठी माणसाने पाहावा असं मला वाटतं.

मला एकच चित्रपट ठेवायला सांगितलं तर 'तिल्लाना मोहनांबाळ' ठेवेन. 1968, ए. पी. नागराजन. कोत्तमंगलम सुब्बू यांची मूळ कादंबरी 'आनंद विकटन'मध्ये क्रमशः आलेली. शिवाजी नादस्वरवादक षण्मुगसुंदरम, पद्मिनी नर्तकी मोहना. प्रत्यक्षात वाजवलंय मदुराईच्या सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंनी, पण पडद्यावर पाहताना हे विसरायला होतं. नादस्वर हे लांबलचक वाद्य, आपल्या सनईचा थोरला भाऊ म्हणा, त्याला फुंकर प्रचंड लागते. शिवाजींचे गाल फुगतात ते सुराच्या लांबीप्रमाणे. आधी श्वास भरताना छाती उचलते, मग सूर लागतो, सूर लांबला की मानेची शीर ताठरते, आणि बोटं भोकांवरून उठतात ती त्या त्या सुराला. तमिळनाडूतल्या वादकांनीच त्याची वाखाणणी केली. सुरुवातीलाच उत्सवात वादन चालू असताना फटाके फुटतात, आणि हा तिरसट कलावंत वाजवणं थांबवून उठतो. उठण्याची ती तऱ्हा पाहा. आधी वाद्य ओठांपासून दूर होतं, मग नजर जाते, मग धड. राग शेवटी येतो.

आणि मग 'नलंदाना' हे गाणं. कण्णदासन यांचे शब्द, पी. सुशीलांचा आवाज. षण्मुगसुंदरम जखमी होऊन उठलेला आहे, दोघांना उघड भेटता येत नाही. भर सभेत मोहना नाचता नाचता गाण्यातून त्याची विचारपूस करते: बरे आहात ना? तब्येत बरी, मन बरं? तो समोर वाजवतोय. तोंडात वाद्य आहे, बोलता येणार नाही. ज्याची सगळी कीर्ती जिभेवर उभी, त्याची जीभच नागराजनने काढून घेतलीय. सगळी उत्तरं डोळ्यांतून आणि किंचित हलणाऱ्या मानेतून येतात. पहिल्या ओळीला नुसती दखल, दुसरीला होकार, आणि पुढे एका जागी डोळे भरून येतात पण सूर तुटू द्यायचा नाही म्हणून गाल तसेच फुगलेले राहतात. रडू आणि फुंकर एका चेहऱ्यावर. 'ओव्हर' म्हणणाऱ्या पोराला मी हे दाखवतो आणि गप्प बसतो.

दुसऱ्या वर्षी 'देय्व मगन' आला, तीन भूमिकांचा. भारताकडून ऑस्करसाठी पाठवलेला तो पहिला दाक्षिणात्य चित्रपट.

यानंतर मात्र माझं त्यांच्याशी फारसं पटत नाही. सत्तरच्या दशकात 'वियेटनाम वीडु'तला ताठ निवृत्त गृहस्थ आणि 'गौरवम'मधला अहंकारी बॅरिस्टर या दोन भूमिका उत्तम आहेत, पण त्यांच्या आजूबाजूला बराच कचरा आहे. वय दिसायला लागलेलं, विग वाईट, मुलीच्या वयाच्या नायिका. ज्या लकबी एकेकाळी अर्थातून आल्या होत्या त्या आता टाळ्यांसाठी यायला लागल्या. चाहत्यांना तेच हवं होतं, वितरकांना तेच हवं होतं, आणि दोनशेव्या चित्रपटापर्यंत म्हणजे 1979 च्या 'तिरिशूलम'पर्यंत गाडी तशीच धावली. धंद्याच्या दृष्टीने जोरात. तुम्ही पाहिलेले 'आरडाओरड्या'चे तुकडे या दहा वर्षांतले असतील तर तुमची तक्रार रास्त आहे.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो. सुरुवात द्रमुकमध्ये, मग पन्नाशीच्या दशकात तिरुपतीला दर्शनाला गेले म्हणून नास्तिक पक्षातल्या सहकाऱ्यांनी त्यांना भंडावून सोडलं आणि ते बाहेर पडले. पुढे कामराजांचे निस्सीम भक्त, काँग्रेसवाले, राज्यसभेचे खासदार. एम. जी. आर. यांच्या मृत्यूनंतर 1988 मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला, 1989 मध्ये तिरुवैयारूतून उभे राहिले आणि पडले. तंजावरच्या भोसल्यांच्या जुन्या मुलखात शिवाजी नावाचा माणूस हरला, असं मी मराठी मित्रांना डिवचायला सांगतो. खरं कारण माझ्या मते पडद्यावरच सापडतं. एम. जी. आर. पडद्यावर दारू पीत नाहीत, हरत नाहीत, सहसा मरतही नाहीत. शिवाजी फासावर जातात, रथाचं चाक रुतून मरतात, बहिणीसाठी झुरून मरतात, बायकोशी खोटं बोलतात, दारूत बुडतात. लोक त्यांच्यासाठी हमसून हमसून रडले आणि मत दुसऱ्याला देऊन आले. पालनकर्ता म्हणून कुणी रडणाऱ्याला निवडत नाही. गंमत म्हणजे हे दोघे एकत्र आले ते एकाच चित्रपटात, 1954 च्या 'कूंडुक्किळी'त, आणि तोही आपटला.

पण पन्नाशी उलटल्यावर त्यांना पुन्हा दिग्दर्शक भेटले. 1985 मध्ये भारतीराजांनी 'मुदल मरियादै'त त्यांना खेड्यातला पोक्त माणूस केला. कजाग बायको, सुकलेला संसार, आणि होडी चालवणाऱ्या एका तरुण मुलीबद्दल वाटणारी, धड उच्चारताही न येणारी ओढ. शिवाजी त्यात चालतात, बसतात, पाण्याकडे पाहतात. भारतीराजांनी त्यांच्याकडून शिवाजीपण काढून घेतलं आणि खाली एक थकलेला, लाजरा म्हातारा निघाला. सत्तरमध्ये असा कुणी भेटला असता तर, असं वाटून चुटपुट लागते.

मग 1992 चा 'तेवर मगन'. लेखन कमल हासन यांचं, दिग्दर्शन भरतन यांचं. 'विरासत'मध्ये अमरीश पुरींनी केलेली भूमिका म्हणजे ही, एवढं सांगितलं की मराठी वाचकाला खूण पटेल. शिकून आलेला मुलगा गावातल्या मारामाऱ्यांना कंटाळून शहरात जायचं म्हणतोय, बाप त्याला थांबायला सांगतोय. हातात शस्त्र घेऊन वाढलेली माणसं, त्यांना एकदम टाक म्हटलं तर टाकतील कशी, हळूहळूच येतील. बी आपण पेरायचं, फळ आपल्याला मिळणार नाही, कदाचित मुलाच्या मुलाला मिळेल. संवाद एवढाच. चाळीस वर्षांपूर्वी कोर्टात चढत गेलेला तोच आवाज इथे प्रत्येक वाक्याला खाली उतरतो. 'हळू' हा शब्द हळू म्हटला जातो. समोर कमल हासन, जो स्वतः कुणाला जागा देणारा नट नाही, तो इथे नुसता ऐकतो. मोठा नट ऐकायला लागला की समोरच्याचं मोजमाप आपोआप होतं. राष्ट्रीय पुरस्कारांत ज्युरीने या भूमिकेची खास नोंद घेतली.

मान-सन्मान उशिरा का होईना आले: 1966 ला पद्मश्री, 1984 ला पद्मभूषण, 1995 ला फ्रान्सचा शेव्हलिए, आणि 1996 सालचा दादासाहेब फाळके. ते राहत होते तो चेन्नईच्या टी. नगरमधला रस्ता आज शेव्हलिए शिवाजी गणेशन यांच्या नावाने आहे. घराचं नाव 'अन्नै इल्लम', आईचं घर. लता मंगेशकर त्यांना भाऊ मानत, मद्रासला गेल्या की त्या घरी असत. शिवाजींचा मुलगा प्रभू नायक असलेल्या 1987 च्या 'आनंद'मध्ये इळैयराजांच्या संगीतात लताबाईंनी तमिळ अंगाई गायली, त्यामागे हा घरोबा होताच. 'शिवाजी मराठी होते का' या प्रश्नाला हवंच असेल तर एवढं मराठीपण देता येईल: नाव रायगडावरून आलं आणि बहीण मंगेशकरांची.

1999 च्या 'पडैयप्पा'त ते रजनीकांतचे वडील झाले. म्हणजे मूळचे शिवाजीराव आणि नावाने शिवाजी एका चौकटीत. 21 जुलै 2001 रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

पाहायचं ठरवलंच तर क्रम उलटा ठेवा. आधी 'तेवर मगन', मग 'मुदल मरियादै', मग 'तिल्लाना मोहनांबाळ', आणि कान तयार झाल्यावर 'कट्टबोम्मन'. हिंदीत डब केलेल्या आवृत्त्या मिळाल्या तरी घेऊ नका, मी स्वतः डबिंग केलेला माणूस सांगतोय. तमिळ कळत नसेल तर खाली उपशीर्षकं लावा, एकदा वाचून प्रसंग समजून घ्या, मग ती बंद करून तोच प्रसंग पुन्हा चालवा. सत्तरच्या दशकातलं 'गौरवम' सोडून बाकी राहिलं तरी चालेल.